गोळी लागू पडली

खुशालराव माळ्याच्या मांडीत तुर्कांची गोळी आहे, हे पेढी नदीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्याचा यावर काडीचा विश्वास नव्हता असा गावात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द खुशालराव.

हकीकत अशी, की सतरा साली इंग्रज सरकारची तिकडे तुर्कांशी लढाई चालली होती. तेव्हा हा गडी पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी भांडला आणि रागाच्या भरात अमरावतीला जाऊन भरतीच्या कागदावर अंगठा उठवून आला. शौर्यबिर्य काही नाही. राग उतरला तेव्हा तो बोटीत होता. बसऱ्याला उतरल्यावर साहेबानं विचारलं, काय येतं? हा म्हणाला, वांगी येतात. झालं! सरकारनं त्याला पलटणीच्या इस्पितळामागं एक वाफा, दोन खुरपी आणि एक कुदळ दिली. जखमी शिपायांसाठी तो वांगी, मुळे, मेथी पिकवू लागला. बंदूक त्यानं पाहिली ती दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि शत्रू म्हणाल तर अळी.

पोळ्याच्या सुमाराला त्याला हिवताप भरला. कुनैनच्या गोळ्यांनी तो उठला, आणि उठल्यावर त्यानं एका कोकणी कारकुनाकडून घरी मोडीत चिठ्ठी लिहवून घेतली. "ताप आला होता. गोळी लागू पडली. आता बरा आहे." एवढाच मजकूर. पण मोडीत शब्द एकमेकांचा हात धरून उभे असतात. त्यात चिठ्ठी वाटेत भिजून मागचीपुढची शाई पसरली होती, आणि गावात मोडी वाचणारे एकटे भगवंतराव मास्तर, त्यांचा चष्मा त्याच आठवड्यात फुटलेला. मास्तरांनी मारुतीच्या पारावर उभं राहून खड्या आवाजात वाचलं, "गोळी लागून पडला!"

वर्षभरानं खुशाल गावी परतला तेव्हा वेशीवर डफडं वाजत होतं. कुणाची वरात आहे म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. तोवर गळ्यात झेंडूचा हार पडला. त्याची आई रडत होती, आणि पाण्याच्या पाळीवरून अंगावर धावून आलेला थोरला भाऊच गळ्यात पडून हुंदके देत होता. मास्तरांनी विचारलं, "कुठं लागली?" खरं सांगायला याच्याइतका चांगला मुहूर्त पुन्हा आला नसता. पण घोडं नेमकं तिथंच पेंड खायला बसलं. बसऱ्याच्या वाफ्यात कुदळ निसटून मांडीवर एक वण पडला होता, त्यावर खुशालचा हात आपसूक गेला. हात गेला आणि तोंड गप्प राहिलं, एवढंच त्याचं खोटं. दुसऱ्या दिवसापासून गाव त्याला खुशाल्याऐवजी खुशालराव म्हणू लागलं.

पुढं मग झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसानं एकदा गोळी पत्करली की तिच्यासाठी लंगडावंही लागतं. एकदा तर तो इतवारा बाजारात भाजी घेऊन गेला डाव्या पायानं लंगडत, आणि परत आला उजव्या पायानं. त्याची बायको मनकर्णा बारीक नजरेची. तिनं विचारलं, "सकाळी तं हा पाय होता?" हा म्हणाला, "गोळी फिरून राहिली." ती गोष्टही गावभर झाली, आणि दर्यापूरहून एक वैद्य फिरती गोळी पाहायला आला. वाफ्यात एकटा असला म्हणजे खुशालराव वांग्याच्या झाडांना म्हणायचा, "लेकहो, तुमाले तं माहीत हाये मी कोनती लढाई लढलो." झाडं बिचारी हसायची नाहीत. त्याला मात्र स्वतःचंच हसू यायचं, आणि हसून झाल्यावर थोडी लाजही वाटायची.

अशी गोळीला बारा वर्षं झाली, आणि मग एका दिवाळीनंतर त्या वणाशेजारी एक गाठ आली. लाल, टणक, आणि हात लावू देईना. खुशालरावाला पहिल्याच दिवशी कळलं की हे केस्तूड आहे. गरम पोटीस बांधलं असतं तर चार दिवसांत फुटलं असतं. पण गाव कुठलं ऐकायला! गोळी वर येते आहे, हे मास्तरांनी जाहीर केलं आणि पाटलानं बैलगाडी जुंपायला सांगितली. अमरावतीत सरकारनं जुन्या शिपायांसाठी दवाखाना काढला होता, लोक त्याला पलटणीचा दवाखाना म्हणत. तिथं न्यायचं ठरलं. मनकर्णेनं लोणच्याची एक बरणी घासूनपुसून बरोबर घेतली. गोळी निघाली की तिच्यात घालून शाळेत ठेवायची, असा मास्तरांचा बेत होता.

दवाखाना स्वच्छ होता. बारा लोखंडी खाटा, लाल घोंगड्या, आणि सगळीकडे फिनेलचा वास. ताप-खोकलेवाले व्हरांड्यात आणि लढाईत जखमी झालेले आत, अशी तिथली रीत. खुशालराव गुपचूप व्हरांड्यातल्या खाटेवर जाऊन बसला. कंपाउंडरनं त्याला दंडाला धरून आत नेलं. शेवटची आशा होती ती सरकारी कागदाची. त्याच्या सुटकेच्या कागदावर कामाच्या रकान्यात स्पष्ट 'माळी' लिहिलेलं होतं. कारकुनानं ते वाचलं, मान डोलावली, आणि जातीच्या रकान्यात उतरवून घेतलं. जातही तीच, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती.

डॉक्टर देवस्थळे हे पुण्याकडचे, तरुण आणि तळमळीचे. त्यांनी वण पाहिला, गाठ पाहिली, ताप पाहिला. "बारा वर्षं आत राहिली म्हणजे कमालच," ते म्हणाले. "आता ती सडवते आहे. थांबून चालणार नाही. परवा नागपूरहून मोठे साहेब येताहेत. दोन महिन्यांतून एकदा येतात, सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं जातात. एकच मोठं ऑपरेशन होतं. तुमचं पहिलं घेऊ."

खुशालरावाची पाचावर धारण बसली. नसलेली गोळी शोधायला साहेब किती खोल जाईल, याला काही धरबंध नव्हता. असलेली वस्तू सापडली की माणूस थांबतो.

शेजारच्या खाटेवर चंद्रभान नावाचा शिपाई होता. अकोल्याकडचा, बाळापूरच्या बाजूचा, काळ्या जमिनीत राबणारा. मराठा पलटणीत होता. त्याच्या उजव्या खांद्यात तोफेच्या गोळ्याचा तुकडा होता, खराखुरा, आणि तो इतकी वर्षं गप्प बसून गेल्या पावसाळ्यापासून सरकू लागला होता. दंड वाळत चालला होता, बोटं बधिर झाली होती. पण जखमेबद्दल चंद्रभान चकार शब्द काढत नसे. खुशालरावाच्या लक्षात आलं ते एवढंच, की जेवणाचं ताट आलं की हा भिंतीकडे तोंड करून बसतो. दुसऱ्या दिवशी कारण कळलं. त्याला डाव्या हातानं जेवावं लागत होतं, आणि डाव्या हातानं जेवताना कुणी पाहावं हे त्याला सोसत नव्हतं.

दुपारी चंद्रभाननं सहज विचारलं, "तुमची कोनती पलटन जी?"

"सांगाची मनाई हाये," खुशालराव म्हणाला.

"लढाई सरून अकरा वर्सं झाली ना बाप्पा."

"तरीबी मनाई हाये."

चंद्रभाननं आदरानं मान हलवली. असा कडक शिपाई त्यानं पाहिला नव्हता. खुशालरावाला वाटलं, घोंगडी डोक्यावरून घ्यावी आणि तशीच कुणीतरी शिवून टाकावी.

थोड्या वेळानं चंद्रभान आपणहून बोलू लागला. "बसऱ्याच्या इस्पितळात मी दोन महिने होतो. डब्यातलं मटन, बिस्कुटं. तोंडात घास फिरे, खाली उतरे नाई. मले वाटलं, आता इथंच मरतो मी. अन् एक दिवस ताटात वांग्याची भाजी आली. काटेरी वांगी, आपल्याकडची. तिकडं, वाळवंटात! मी ताट मांडीवर घेऊन रडलो पहा. कोन्यातरी आपल्याच मान्सानं लावली असतीन. त्याचं नाव-गाव काई समजलं नाई. भेटला असता तं त्याचे पाय धरले असते."

ते बी खुशालरावानंच कमरेला बांधून नेलं होतं. घरून निघताना रागात काही सुचलं नव्हतं, पण बियाण्याची पुरचुंडी तेवढी विसरला नव्हता. साता समुद्रापार ती झाडं जगवायला त्यानं नदीचं पाणी कावडीनं वाहिलं होतं, आणि पहिलं फळ धरलं त्या दिवशी वाफ्यात एकटाच नाचला होता. तीन हातांवर एक माणूस त्याचे पाय धरायला तयार होता, आणि हा हं का चूं करू शकत नव्हता, कारण हा तेव्हा खंदकात गोळी लागून पडलेला होता. नसलेल्या गोळीला हार मिळाले आणि असलेल्या वांग्यांना तोंड उघडायची सोय नाही! तो स्वतःवर इतका चिडला, की आपल्याच मांडीवर थाप मारली आणि केस्तूड दुखून कळवळला. चंद्रभान म्हणाला, "सोसा थोडं. उद्या निघते."

"तुमची पाळी कवा हाये?" खुशालरावानं विचारलं.

"याच खेपेले होती," चंद्रभान म्हणाला. "पन तुमची निकडीची. मागंबी एकदा असंच झालं. चालतेच ते."

संध्याकाळच्या फेरीला खुशालरावानं डॉक्टरांना दाराशी गाठून विचारलं, चंद्रभानचं दोन महिन्यांनी झालं तर चालेल का? देवस्थळे खालच्या आवाजात म्हणाले, "तुकडा तेव्हाही निघेल. पण हात परत येईल असं मला वाटत नाही. काय करू? तुम्हाला ताप आहे, त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब आले. व्हरांड्यात पाटील, मास्तर आणि गावची दहाबारा माणसं अंगरखे घालून उभी होती. मनकर्णा बरणी पदराखाली धरून दारात बसली होती. कंपाउंडरनं खुशालरावाची मांडी भादरली, आणि स्ट्रेचर खाटेला लागलं. चंद्रभान डाव्या हातानं त्याच्या कपाळाला अंगारा लावत म्हणाला, "भिऊ नका. माह्या हाताचं काय, वर्सभर तं असाच लोंबून राहिला."

खुशालराव तेव्हा बोलला. चंद्रभानच्या हातासाठी बोलला, का क्लोरोफॉर्मच्या बाटलीकडे नजर गेली म्हणून बोलला, हे त्याचं त्यालाही पुढं कधी नीटसं ठरवता आलं नाही. थोडंथोडं दोन्ही असावं.

"साहेब," तो म्हणाला, "मले गोळी लागली नाई. म्या गोळी खाल्ली."

व्हरांड्यातून मास्तर गरजले, "शाब्बास! गोळी खाल्ली, पण पाठ नाही दाखवली!"

"तशी नाई जी," खुशालराव रडकुंडीला येऊन म्हणाला. "पान्यासंगं खाल्ली. दिवसातून तीन डाव. जेवल्यावर."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. भाऊ, बोट, वाफा, अळी, कुदळ, हिवताप, चिठ्ठी, काही म्हणून ठेवलं नाही. पाटील खोकू लागला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "लागू पडली?" ते पुटपुटले. "लागून पडला... लागू पडली..." आणि हवेत बोटानं मोडी अक्षरं काढून पाहू लागले. बारा वर्षं ज्या वाचनावर ते टाळ्या घेत होते, ते त्यांचं त्यांनाच पुन्हा तपासावं लागत होतं. मग कोपऱ्यातल्या एका पाय तुटलेल्या हवालदाराला हसू फुटलं आणि सगळी खोली हसू लागली.

देवस्थळ्यांनी पुढं होऊन गाठ नीट दाबून पाहिली. "केस्तूड," ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. "तुमच्या गोळीच्या धाकानं मला समोरचं केस्तूड दिसेना. शिकलो म्हणायचं!"

मोठ्या साहेबानं काय चाललंय ते विचारलं, ऐकलं, घड्याळ पाहिलं आणि चंद्रभानच्या खाटेकडे बोट दाखवलं. स्ट्रेचर तिकडं वळलं.

चंद्रभान तेवढा हसला नव्हता. स्ट्रेचरवर निजल्यावर तो खुशालकडे एकटक पाहत राहिला. "वांगी तुमी लावली?"

"हो."

"ते काटेरी?"

"हो जी. देठालेबी काटे होते."

चंद्रभानचे डोळे भरून आले. पाय धरायची ती वेळ नव्हती आणि हातही तसा नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मीठ कमी होतं भाजीत."

"मीठ आचाऱ्याकडं होतं बाप्पा," खुशाल घाईघाईनं म्हणाला. "माह्याकडं नुसते वांगे."

चंद्रभान दोन तास आत होता. तेवढ्यात कंपाउंडरनं दोन मिनिटांत केस्तूड फोडलं, आणि त्या दोन मिनिटांत खुशालनं इतकी बोंब ठोकली, की आतून विचारणा झाली. तिकडं चंद्रभानच्या खांद्यातून चिंचोक्याएवढा तुकडा निघाला. चौथ्या दिवशी चंद्रभानच्या अंगठ्यात मुंग्या आल्या, सातव्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा उजव्या हातात धरून पाहिला. तोंडापर्यंत न्यायला हात थरथरत होता, पण तोंड मात्र त्यानं भिंतीकडे केलं नाही. हे नंतरचं झालं. खुशालला त्याच दुपारी घरी सोडलं.

गावची मंडळी पुढच्या गाडीत बसली होती. तिकडून हसण्याचे आवाज येत होते, आणि त्यात 'खुशाल्या' हे नाव दोनदा स्पष्ट ऐकू आलं. राव गेला होता. गेला तर गेला, खुशालला वाटलं, पाहुणा बारा वर्षं राहिला हेच पुष्कळ. मांडी हलकी झाली होती आणि अंगही. मागच्या गाडीत तो आणि मनकर्णा, दोघंच. ती दारातून उठल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. गाव हसलं ते सोसता आलं असतं, हे मुकेपण सोसवेना.

नाका ओलांडला, दोन्ही बाजूंना कपाशीची वावरं लागली, तेव्हा ती बोलली. त्याच्याकडे न पाहता.

"ते चिठ्ठी आली तवा, तुमी जित्ते हाये हे कचेरीतून समजेपावतर, मी नऊ दिवस रडली. अन्नाले हात नाई लावला. कपाळावरचं कुंकू पुसते का राह्यते, म्हनून दर सकाळी आरसा घेऊन बसू. त्या रडन्याचं आता काय करू मी?"

बारा वर्षं गोळीच्या शंभर गोष्टी त्यानं ऐकल्या आणि सांगितल्या, पण ही गोष्ट त्याच्या कानावर कधी आलीच नव्हती. त्यानं विचारलीही नव्हती. "चुकलं माहं," तो म्हणाला.

बैलं आपल्या चालीनं चालत राहिली. मनकर्णेनं विचारलं, "ताप किती होता?"

"लई."

"लई म्हंजे?"

"दोन दिवस सुद नोती. आजूबाजूचे दोघं गेले. मलेबी मेला समजून तोंडावर चादर ओढली होती म्हनते. एक भंगी आला उचलाले, त्याले चादर हालताना दिसली."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक गोळीचं विचारत, आणि गोळीपुढं ताप म्हणजे काय, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

आता तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "म्हंजे मरतच होते तुमी."

"हो."

मनकर्णेनं पदरानं डोळे पुसले, आणि तोच पदर पुढं करून त्याच्या कपाळावरचा अंगारा पुसला.

"मंग ठीक हाये," ती म्हणाली. "वाया नाई गेलं माहं रडनं."